आक्काचा सोमवार

आक्का, तुझ्या दहाव्याला गोदावरीच्या घाटावर लोक तुझ्याबद्दल इतकं खोटं बोलले की मला तिथंच उठून उभं राहावंसं वाटलं. सरपंच बोलले, सोसायटीचे चेअरमन बोलले, तुझ्या माहेरचे चुलतेही बोलले. सगळ्यांचं एकच. बाई फार कष्टाळू होती. जन्मात कधी रिकामी बसली नाही. बायका पदर डोळ्यांना लावून माना हलवत होत्या, आणि मी मनात म्हणत होते, अहो, बसायची की! दर सोमवारी बसायची. जेवणं उरकली की गोठ्यात बैलांशेजारी जी बसायची, ती धारांच्या वेळेलाच उठायची. सगळ्या पुणतांब्याला हे ठाऊक होतं. ज्यांनी त्यावरून तुला हसून घेतलं, तेच घाटावर उभे राहून तुला सर्टिफिकेट देत होते.

कष्टाळू तू होतीसच, ते मी कशाला नाकारू? तुझ्याइतका कांदा या घरात कुणी खुरपला नाही. पण कष्ट काय, सगळ्याच बाया करतात. तुझं म्हणून जे होतं, भांडून मिळवलेलं, नेमकं तेवढंच त्यांनी पुसून टाकलं. गेलेल्या माणसाचं चांगलं तेवढं बोलावं म्हणतात. त्यांना ते वाईटात जमा वाटलं.

घरी आल्यावर आत्याबाईंनी सुमनला आणि मला समोर बसवलं. आपली सासू कशी बोलते तुला माहीत आहे, कुंकवाच्या बोटानं मारल्यासारखं हळू पण लागेल असं. म्हणाल्या, "झालं ते झालं. आता हितनं म्होरं ह्या घरात सोमवार बैलांचाच. बायकांचा न्हाई. तिच्याबरूबर गेलं ते." सुमन तुझी सून, तिला येऊन वर्ष नाही झालं. तिनं माझ्याकडं पाहिलं. मोठी आता मी. तू नाहीस म्हटल्यावर हा सोमवार ठेवायचा की सोडायचा हे माझ्यावरच आलं, आणि गंमत बघ, या सोमवारावरून तुझ्याशी सगळ्यात जास्त भांडलेली मीच. घाटावर बोलता आलं नाही म्हणून हे लिहीत बसले आहे.

मी लग्न होऊन आले तेव्हा तुझा सोमवार जुना झाला होता. तो सुरू कसा झाला ते तूच मला सांगितलंस, मीठ-मसाला लावून, आत्याबाईंच्या आवाजात. आपल्याकडं सोमवारी बैल जुंपत नाहीत. महादेवाचा वार, नंदीचा वार. पेरणीचा वाफसा निघून जायला आला तरी थोरले दीर त्या दिवशी औत धरायचे नाहीत. त्या सोमवारी बैल धुऊन-पुसून सावलीला बसले होते आणि आत्याबाईंनी तुला अख्खं घर सारवायला काढलं होतं. शेणानं भरलेले हात घेऊन तू बाहेर आलीस आणि विचारलंस, "आत्याबाई, बैलाला वार हाय, मग बाईला का न्हाई?"

"बैलाला महादेव हाय," आत्याबाई म्हणाल्या.

"मग मी बी त्येच्याच दारात बसते," म्हणालीस, आणि हात धुऊन गोठ्यात जाऊन बसलीस.

एवढंच. ना आदळआपट, ना माहेरी निघून जायची धमकी. घरात त्या दिवशी काय वादळ झालं असेल ते मी कल्पनेनंच बघते. पण पुढच्या सोमवारी तू पहाटे जास्त लवकर उठलीस, भाकरी, पाणी, धुणं, सारवण सगळं दुपारच्या आत संपवलंस आणि पुन्हा जाऊन बसलीस. कुणाला बोट ठेवायला जागाच ठेवली नाहीस. आत्याबाई सूप पाठवायच्या, डाळ निवडून दे म्हणून. सूप तसंच परत यायचं, वर निरोप, "उद्या." मी आल्यावर एकदा त्यांनी कापूस पाठवला, वाती वळ, देवाचं काम आहे. कापूसही परत. हे मला फार लागलं होतं, आठवतं? मी म्हटलं होतं, वाती वळायला काय जातं, बसून तर करायच्या. तू म्हणालीस, "हात चालला की मन त्येच्या मागं जातंय. मग त्ये बसनं न्हाई."

मला नाही पटलं. मी कुठल्या घरातून आले ते तुला माहीत होतं. आमच्या आईनं राहात्याच्या शाळेत सातवीपर्यंत शिकवलं, पण त्याच्या आधी एक शिकवलं होतं, रिकामी दिसू नकोस. बाहेर पुरुषाच्या वहाणा वाजल्या की हातात काहीतरी घ्यायचं. काही नसलं तर झाडलेला सोपा परत झाडायचा. आपल्या गल्लीतली प्रत्येक बाई हेच करते. दुपारी टेकलेली असते, चाहूल लागली की केरसुणीला हात जातो. तू एकटी अशी होतीस की थोरले दारात आले तरी हात मांडीवर तसेच ठेवायचीस. ते विचारायचे, "काय करतीस गं?" तू म्हणायचीस, "काय न्हाई." या दोन शब्दांची मला तेव्हा भीती वाटायची. नवऱ्याच्या तोंडावर बाई असं कसं म्हणू शकते?

मी तुला कितीदा विचारलं, बसून विचार कसला करतेस? कधी म्हणालीस, कसलाच नाही. कधी म्हणालीस, बैलांचा. एकदा मात्र नीट बोललीस. हौश्या आणि मोऱ्या आडवे होऊन रवंथ करत होते. म्हणालीस, "रानात त्यो नुसता गिळतोय, चावायला येळ कुठं आसतो? हितं बसला की मंग खाल्लेलं त्येचं हुतं. आपून बी दिसभर नुसतं गिळतोय बघ. ह्यो काय बोलला, ती काय बोलली, कोन आलं, कोन गेलं. मला सोमवारी त्ये चावायचं आसतंय." मी हसले होते. तूही हसलीस. पण त्यानंतर बैलाला रवंथ करताना पाहिलं की मला तूच दिसायचीस, आणि ते तुला सांगायचं राहिलं.

माझ्या शकूला तर तू ठरवून बिघडवलंस, असं मी म्हणायचे. सुट्टीत ती पायात पायात यायची, "आई, कंटाळा आला, आई, कंटाळा आला." मी तिला लगेच शेंगा फोडायला बसवायची. एका सोमवारी तू तिला माझ्या हातातून ओढून घेतलंस. "येऊ दे की तिला कंटाळा. तुला काय भ्या वाटतंय त्येचं? तू मधी पडू नकं." पोरगी गोठ्यात कडब्याच्या पेंढीवर लोळली, कुरकुरली, रडायला आली, तू ढुंकून पाहिलं नाहीस. मग बराच वेळ आवाजच नाही. मी डोकावले तर तिनं ज्वारीच्या धाटांची गाडी केली होती, चाकांसकट, माल ठेवायच्या साटीसकट, धाटाच्या सालीनं सगळं गच्च विणून. मी विचारलं, बैल कुठं आहेत गं गाडीला? ती म्हणाली, "आज सोमवार आहे ना. बसलेत." तू इतकी खूश झालीस की तिला उचलून आत्याबाईंना दाखवायला नेलंस. आत्याबाईंनी गाडी हातात घेतली, फिरवून पाहिली आणि जपून कोनाड्यात ठेवली.

आपलं खरं भांडण बहात्तरच्या दुष्काळात झालं. ते अजून मिटलेलं नाही, आणि तू अर्ध्यावर उठून गेलीस.

पाटाला पाणी नव्हतं, नदीत वाळू उघडी पडली होती, रानात औत घालायला ओल नव्हती. मी आणि हे रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचो. तू घर, म्हातारी आणि गुरं बघायचीस. बैलांना काम म्हणून उरलं नव्हतं. रोजच सोमवार. मी तुला चिडवायची, घे, तुझ्या मनासारखं झालं. आणि तेव्हाच मोऱ्याचं ते सुरू झालं. खुंट्याला बांधलेला तो दिवसभर मान इकडून तिकडं, इकडून तिकडं हलवत राहायचा. दावं चाटायचा, गव्हाणीचं लाकूड कुरतडायचा, पुढ्यातला कडबा मात्र तसाच. जो कडबा मिळवायला थोरले गावोगाव फिरत होते तो. कुणी म्हणालं दृष्ट लागली, काढली. दवाखान्यातून पाचक आणलं, पाजलं. मान हलायची थांबेना. बरगड्या दिसायला लागल्या. शेवटी थोरले म्हणाले, बैल बिघडला, बाजार दाखवू. दुष्काळात बाजार दाखवलेला बैल कुठं जातो हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्या दिवशी जेवणं कुणाला गेली नाहीत.

तू म्हणालीस, "त्येला काय झालं न्हाई. त्येला कंटाळा आलाय."

थोरले हसले. ह्यांनाही हसू आलं. बैलाला कधी कंटाळा येतो का? तू ऐकलं नाहीस. दुसऱ्या दिवशी सकाळी डोक्यावर पदर ओढून तू स्वतः दोन्ही बैल गाडीला जुंपलेस आणि रिकामी गाडी घेऊन नदीकडं निघालीस. बाईमाणूस गाडी हाकतंय, तेही मोकळी गाडी! पारावरची माणसं उठून उभी राहिली. कुणीतरी विचारलं, "आक्का, काय आनाया निघाली?" "काय न्हाई," तू म्हणालीस. परत येताना त्यानंच विचारलं, "मंग काय आनलं?" तर म्हणालीस, "बैलं आनली की म्हागारी." नदीच्या वाळूत बैल सोडायचे, ते वास घेत फिरायचे, डबक्याशी थांबायचे, बाभळीला अंग घासायचे. तू काठावर बसायचीस. मन भरलं की परत. रोज.

मी कामावरून परत येत होते. हातांना फोड आलेले, डोक्यात ऊन, पदराला कामावर वाटलेली सुकडी बांधलेली. वेशीत तुझी रिकामी गाडी दिसली आणि माझं टाळकं फिरलं. रस्त्यातच बोलले मी. मी तिथं दगड फोडते आणि तू इथं हवा खात फिरतेस, बैलाच्या पोटात जे थोडं जातंय तेही चालवून जिरवतेस. तू गाडी थांबवलीस. चिडली नाहीस. म्हणालीस, "तू काम करून दमलीस, त्यो बसून दमलाय. बस गाडीत." मी बसले नाही. गाडीच्या मागं चालत घरी आले, आता आठवलं तरी हसू येतं. सगळा रस्ताभर तू मागं वळून बघत होतीस, ही बसते का म्हणून.

मोऱ्याची मान हळूहळू थांबली. एक दिवस तो गव्हाणीत तोंड घालून खाताना दिसला आणि बाजाराचं नाव परत कुणी काढलं नाही. शेजारची बाई म्हणाली होती, तुमच्या थोरलीला वेड लागलंय, रिकामी गाडी फिरवते. तिला उत्तर कुणी दिलं माहीत आहे तुला? आत्याबाईंनी. "आमच्या बैलांचं आमी बघू, तुमी तुमच्या म्हशीचं बघा." तू तेव्हा नदीवर होतीस. त्या दिवशी मी कामावर गेले नव्हते म्हणून मी ऐकलं.

बैल वाचला, पण भांडण राहिलं. मी तुला कात्रीत पकडलं असं मला वाटत होतं. म्हटलं, बघ, रिकामं बसून बैल वेडा व्हायला आला. म्हणजे काम हवंच. तुझा सोमवार तुझ्याच बैलानं खोटा पाडला. तू म्हणालीस, "त्यो रिकामा कुठं हुता? त्यो बांधलेला हुता. रिकाम्याला उठून जाता येतं." मी म्हटलं, शब्दांचे खेळ करू नकोस. तू म्हणालीस, मंगळवारी काम असेल तरच सोमवाराला चव आहे. मी म्हटलं, मग तेच तर मी म्हणतेय. तू म्हणालीस, न्हाई, तू ते म्हणत नाहीस. असं आपलं किती दिवस चाललं! चुलीपाशी, विहिरीवर, डोक्यावर हंडे असताना. कधी तू जिंकायचीस, कधी मी, आणि दुसऱ्या दिवशी परत पहिल्यापासून. आता मला तुझी बाजूही मीच मांडावी लागते, आणि तुझ्यासारखी मांडता येत नाही.

पाऊसपाणी नीट झालं, रानं उभी राहिली, सुमन घरात आली. तिला तू पहिल्याच आठवड्यात सांगितलंस, "सोमवारी दुपारी माझ्याकडं यायचं. येताना काय आनायचं न्हाई." ती बिचारी घाबरत घाबरत यायची, अंग चोरून बसायची, दर थोड्या वेळानं दाराकडं बघायची. तू तिच्याशी बोलायचीसही नाहीस. मला हेवा वाटायचा. मला तू इतक्या वर्षांत बोलावलं नव्हतंस असं नाही, मीच येत नव्हते. यायचे ते भांडायला, आणि हातात काहीतरी घेऊनच.

मग तुझं ते दुखणं. कावीळ म्हणाले, पोटात पाणी म्हणाले. तू खाटेवर पडलीस ती पडलीसच. मी तुला म्हटलं, आक्का, आता तरी निवांत पड. तू डोळे उघडून माझ्याकडं बघितलंस. "ह्ये निवांत न्हाई गं. ह्ये दावं हाय." त्या वेळी पहिल्यांदा मला तुझं बोलणं एका क्षणात कळलं.

नंतर नंतर तुला दिवसांचा मेळ लागेना. तू विचारायचीस, "आज वार कोन्ता?" बुधवार होता, मी म्हटलं सोमवार. तुझा चेहरा असा सैल झाला की दुसऱ्या दिवशीही मी तेच सांगितलं. रोज विचारायचीस, रोज मी सोमवार सांगायचे. सुमनलाही तसं सांगून ठेवलं होतं. मला वाटायचं, फसवतेय मी हिला, पण या फसवण्यानं हिला झोप लागते. एका दुपारी तू डोळे मिटूनच म्हणालीस, "ह्या आठवड्यात लई सोमवार आले बघ." आणि हसलीस. कुठून आणलंस ते हसू, आक्का? तुझ्या अंगात बोट हलवायचं बळ नव्हतं. मी तुझा हात धरून बसले होते आणि दुसऱ्या हातात काही नव्हतं, हे तुझ्या लक्षात आलं असेल का?

तू गेलीस आणि घरात माणसांचा लोंढा आला. मी एकटीनं चुली सांभाळल्या. सकाळी उठलं की पीठ, पाणी, चहा, भाकरी, कुणाला कांबळं दे, कुणाच्या पोराला दूध दे. लोक गळ्यात पडून रडायचे, मी त्यांना पाणी द्यायचे. मी रडले नाही. सगळ्यांनी ते पाहिलं. कुणी म्हणालं धीराची आहे, कुणी म्हणालं जावाजावाच त्या, कशाला रडेल. मला दोन्ही खरं वाटत नव्हतं. तेरावा झाला, पाहुणे गेले, तरी मी कामं काढतच राहिले. धुतलेली भांडी परत घासली. माळ्यावरचे डबे उतरवून पुसले. आत्याबाई एकदा म्हणाल्या, "पुरे गं." मी ऐकलं नाही.

काल सोमवार होता.

दुपारी जेवणं झाली. मी परातीला चिंच लावून घासायला घेतली होती, ती लखलखत होती तरी. सुमन सोप्यात सूप घेऊन बसली होती. गोठ्यात बैल बसलेले. माझा हात थांबला. मी परात तिथंच भिंतीला टेकवली, हात धुतले, आणि गोठ्यात जाऊन बैलांशेजारी बसले. ठरवून काही केलं नाही. पाय तिकडं गेले.

आक्का, तुला सांगते, फार कंटाळा आला. तू कशी काय बसायचीस? पहिल्यांदा माशांनी जीव खाल्ला. मग गुडघे दुखायला लागले. मग दूध वर ठेवलंय का, वाळत घातलेल्या शेवया उचलल्या का, शकू अजून का आली नाही. माझे हात तर असे शिवशिवत होते की मी त्यांच्यावर बसले. दोनदा उठायला झाले. जमिनीवर पडलेली काडी उचलली, तिचे तुकडे करायला लागले, मग तेही काम झालं म्हणून टाकून दिली. नंतर काही उरलंच नाही. बैल चघळत होता. ऊन सरकत होतं. आणि मग तू गेलीस हे मला समजलं. इतके दिवस मी ते सगळ्यांना सांगत होते, येणाऱ्या प्रत्येकाला, कधी, कशी, किती वाजता, पण ते माझ्यापर्यंत आलं नव्हतं. काल आलं. पोटातून असा आवाज निघाला की मोऱ्या दचकून उभा राहिला. मी तोंडात पदर कोंबायला गेले आणि कोंबला नाही. रडले. मोठ्यानं रडले, तुझं नाव घेऊन, आई गेली तेव्हाही अशी रडले नव्हते.

आवाजानं सुमन धावत आली, मागोमाग आत्याबाई. गोठ्याच्या दाराशी दोघी थांबल्या. मला थांबता येत नव्हतं. आत्याबाईंनी माझ्याकडं पाहिलं, माझ्या रिकाम्या हातांकडं पाहिलं. आता बोलणार, मला वाटलं. बोलू देत. मी उठणार नव्हते.

सुमन घाबरून म्हणाली, "आजी, पानी आनू का काकीला? का शेजारनं कुनाला बोलवू? काय करू मी?"

"काय करू नकं," आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी तिच्या हातातलं सूप काढून घेतलं. "जा, बस तिच्याजवळ."